दगडावर सुटलेला रफार

गव्हाची काढणी सुरू झाली की मला ओल्या चुन्याचा वास येतो. नारायणगावात आमच्या घरामागे आता गव्हाचं एकच वावर उरलं आहे. बाकी सगळीकडे टोमॅटोचे तारकाठीचे मांडव. त्या एका वावरात हार्वेस्टर शिरतो, तासाभरात सगळं उरकून निघून जातो आणि भुशाची पिवळी धूळ गच्चीतल्या कपड्यांवर बसते. मी कपडे झटकते आणि झटकताना नाकात चुना येतो. आसपास कुठेही चुना कालवलेला नसतो. तरी येतो.

माझं माहेर शिनोली. घोडेगावहून भीमाशंकरकडे निघालं की रस्त्यावरच लागतं. गावाच्या खालच्या अंगाला, ओढा ओलांडून गेलं की घायपाताच्या कुंपणात ख्रिस्ती लोकांची दफनभूमी आहे. माझ्या लहानपणी त्यांची दहा-बारा घरं होती. फाल्गुन सरत आला, गहू खळ्यात पडला, की ईस्टरच्या आधी ती माणसं जमायची, वाळलेलं गवत काढायची, कबरींना आणि क्रुसांना चुना द्यायची. चुन्याचं पिंप आमच्या अंगणात कालवलं जाई, कारण आमच्या आडाला पाणी होतं, आणि क्रूस आमच्या वडिलांनी घडवलेले होते.

आम्ही पाथरवट. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, जाती, पाटे, उखळं घडवायचे, देवळाच्या पायऱ्या घडवायचे. गावात पिठाची गिरणी आली आणि जात्यांचं काम बसलं. त्या सुमाराला मिशनच्या शाळेतले मास्तर एकदा अंगणात आले आणि त्यांनी जमिनीवर काठीने एक आडवी, एक उभी रेघ ओढून विचारलं, असा दगड घडवाल का. आण्णांनी कधी क्रूस घडवला नव्हता. त्यांनी मास्तरांना विचारलं की आडवा हात उभ्याच्या किती वर घ्यायचा. मास्तरांनी स्वतःचे दोन्ही हात पसरून दाखवले. आण्णांनी सुतळीने मास्तरांचं माप घेतलं. त्यानंतरचे सगळे क्रूस त्या मापाचे आहेत, कुठे लहान, कुठे मोठे, पण प्रमाण मास्तरांच्या हातांचं.

क्रूस घडत असला की महिना-पंधरा दिवस अंगणात आडवा पडलेला असे. एका उन्हाळ्यात आईने त्याच्यावर कुरडया वाळत घातल्या. तापलेला काळा दगड, कुरडयांना याहून चांगली जागा कुठली. आण्णांनी एकेक कुरडई उचलून सुपात ठेवली. मग आम्हा भावंडांना म्हणाले, "पावणं हायेत ते. जाईपतूर त्यांच्यावर बसायचं न्हाई, काय वाळवायचं न्हाई." आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचे टाक होते आणि अंगणात कुणाचा तरी क्रूस, आणि या दोन्हींचं एकमेकांशी कधी भांडण झालेलं मला आठवत नाही.

आण्णांना लिहिता-वाचता येत नव्हतं. नाव कोरायचं तर मास्तर यायचे, गुडघे टेकून दगडावर कोळशाने अक्षरं काढून द्यायचे. अक्षर मोत्यासारखं. आण्णा त्या कोळशावरून टाकी चालवायचे. त्यांच्यासाठी ती अक्षरं नव्हतीच. उभ्या रेघा, पोटं, गाठी, शेपट्या. पण एक रेघ इकडची तिकडे व्हायची नाही. अशी सात नावं त्यांनी कोरली. आठवं नाव मास्तरांच्या बायकोचं होतं.

मार्थाबाई गेल्या तेव्हा मी नऊ वर्षांची होते, तिसरीत. जोडाक्षरं त्याच वर्षी शिकले होते आणि दिसेल ते वाचत सुटायचे. बसच्या पाट्या, काडेपेट्या, साखरेची पोती. मार्थाबाईंच्या क्रुसावर नाव कोरलं जात होतं त्या आठवड्यात मी मामाकडे निमगाव साव्याला गेले होते. रात्री उशिरा परत आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी क्रूस बसवायचा होता. बैलगाडीत कडब्यावर घालून तो नेला. मी पाण्याची कळशी घेऊन मागून चालत होते.

क्रूस उभा राहिला, माती दाबली, कुणीतरी प्रार्थना म्हटली. मी पुढे झाले आणि मोठ्याने वाचलं, "माथाबाई." मग विचारलंही, "माथाबाई म्हणजे काय?"

मोठ्या माणसांनी आधी दगडाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. 'था'वरचा रफार दगडात नव्हता. मास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला. आण्णांना काय चुकलं ते कळलं नाही, पण काहीतरी चुकलं हे कळलं. ते ताबडतोब म्हणाले, "माजी चूक झाली मास्तर. मला वाचता येत न्हाई." कुणीतरी रफार राहिल्याचं सांगितलं, तसं तो आता घालून देतो असंही म्हणाले, पण अक्षरांच्या वर लगेच क्रुसाचा कंगोरा होता, रफाराला जागाच नव्हती. मास्तर म्हणाले, राहू द्या. आणि पाठ फिरवून ओढ्याच्या दिशेने चालू लागले.

त्या संध्याकाळी आण्णांनी मला पाटी आणायला सांगितली. मी 'मार्था' लिहून दाखवलं, रफारावर बोट ठेवलं. ते बराच वेळ त्या पाटीकडे बघत राहिले. मग पाटी मला परत दिली. त्यानंतर त्यांनी दगडावर अक्षर कोरलं नाही. क्रूस घडवले, आणखी अकरा घडवले, पण नावाचं काम आलं की म्हणायचे, पेंटरकडून लिहून घ्या. घोडेगावचा पेंटर यायचा, काळ्या तेलरंगाने नाव लिहून जायचा. चार पावसाळ्यांत रंग उडायचा. दरवर्षी चुना बसायचा. माणसं पुण्याला, पिंपरीला, नगरला गेली. ते अकरा क्रूस कोरे झाले.

मी मोठी झाले, डी.एड. केलं, शिक्षिका झाले. शेवटची नऊ वर्षं खोडदला काढली, जिथे शाळेच्या खिडकीतून कांद्याच्या वाफ्यांपलीकडे रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य तबकड्या दिसतात आणि मुलं त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मी कधी कुठल्या मुलाची चूक वर्गासमोर वाचली नाही. मुलाला टेबलापाशी बोलवायची, वही दोघांच्या मध्ये धरायची आणि हळू आवाजात सांगायची. बाकीच्या शिक्षिका मला फार मऊ समजायच्या. आणि घरी, आण्णांसमोर, मी वाचणंच सोडलं. पत्र आलं तर भावाकडे द्यायची. पेपर हातात असला आणि आण्णा आत आले तर घडी घालून ठेवायची. मला वाटायचं, मी वाचलं म्हणून या माणसाच्या हातातून अक्षर गेलं. मी वाचलं म्हणून अकरा माणसं बिननावाची झाली.

हे सगळं मनात घेऊन मी पन्नास वर्षं जगले. फार दुःखात होते असं नाही. संसार झाला, मुलं झाली. पण चुन्याचा वास आला की 'माथाबाई' म्हणणारा माझाच आवाज ऐकू यायचा.

चार वर्षांपूर्वी, अशाच गव्हाच्या दिवसांत, मनोरमाबाईंचा फोन आला. मनोरमाबाई म्हणजे मास्तरांची आणि मार्थाबाईंची एकुलती एक लेक. आई गेली तेव्हा त्या मिरजेला नर्सिंग शिकत होत्या. क्रूस बसवला त्या दिवशी गावात नव्हत्या. लग्न केलं नाही, आयुष्यभर इस्पितळांत नोकरी केली आणि निवृत्त होऊन शिनोलीला परत आल्या. तेव्हा उरलेल्या चार घरांचं सगळं त्याच बघायच्या.

त्यांनी सांगितलं की दफनभूमीला भिंत घालायची आहे. जुने क्रूस काढून, साफ करून भिंतीलगत रांगेत उभे करायचे आहेत, म्हणजे आत नव्यांना जागा होईल. "इंदू, तुझ्या वडिलांच्या हातचं काम आहे. हलवण्याआधी फोटो काढून घेतेस का? एकदा जागेवरून उठले की उठले." मग थोडं थांबून म्हणाल्या, "शिवाय कोऱ्या क्रुसांची पंचाईत झालीय. वहीत नावं आहेत. कुठलं नाव कुठल्या दगडाचं ते कुणालाच सांगता येत नाही. पुण्याहून माणसं फोन करतात, आमच्या आजोबांचा कुठला. मी काय सांगू?"

मी बघते म्हणाले आणि फोन ठेवला. दोन दिवस मी गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी मंचरची एसटी पकडली, तिथून घोडेगाव, घोडेगावहून जीप. भावाकडे आठ दिवस राहीन असं सांगून गेले.

आण्णा तेव्हा शहाऐंशी वर्षांचे होते. छातीत आयुष्यभराची दगडाची भुकटी; चार पावलं चालले की धाप. एक डोळा गेलेला, दुसऱ्याला धुरकट दिसायचं. दिवसभर ओट्यावर बसून हाताने ओट्याची फरशी चाचपत राहायचे. मी क्रुसांचे फोटो काढायला आले हे ऐकून त्यांनी मान हलवली. बरं म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत.

पहिल्या दिवशी मी दुपारी गेले. ऊन रणरणत होतं, ओढा कोरडा, काठावरचा पांगारा पेटल्यासारखा लाल. आत गेल्यावर पन्नास वर्षांची मोजदाद समोर उभी असल्यासारखं वाटलं. काही क्रूस कलले होते, एकाचा हात तुटला होता, एकाला निवडुंगाने पोटाशी धरलं होतं. सगळ्यांवर चुन्याची पुटं. मी मोबाईलवर पंचवीस-तीस फोटो काढले आणि मार्थाबाईंच्या क्रुसाकडे न बघता परत आले. घोडेगावच्या स्टुडिओतून ते मोठ्या कागदावर छापून घेतले आणि आण्णांच्या हातात दिले.

त्यांनी फोटोवरून बोटं फिरवली. "हे तर गुळगुळीत हाय," म्हणाले. मग कागद डोळ्याला जवळजवळ चिकटवून तिरका धरला. बराच वेळ पाहिला.

"कवा काढलास?"

"दुपारी."

"टाकीचं काम दुपारी दिसत न्हाई, इंदे. सूर्व्या डोक्यावर आला की दगड सपाट व्हतो. सकाळी जा. ऊन आडवं असलं की टाकीच्या घावात सावली बसती. सावली बसली की काम दिसतं. आन् त्यो चुना काड आधी. काथ्यानं काड. लोखंड लावू नको."

एवढं सलग ते माझ्याशी किती वर्षांनी बोलले होते, कोण जाणे.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे उठून जाऊ लागले. बादली, काथ्या, फडकं. तीन सकाळी नुसत्या घासण्यात गेल्या. चुना ओला झाला की तो वास उठायचा. पुटामागून पूट निघायचं, प्रत्येक पूट म्हणजे एकेका ईस्टरचं, आणि मग खालून काळा दगड यायचा, ओला, थंड. डोंगरामागून ऊन आडवं आलं की सगळा क्रूस जागा व्हायचा. घावामागून घाव, एकाच तिरक्या दिशेने, पावसाच्या सरींसारखे. अंगणातल्या ज्या आवाजात मी वाढले, तो टाकीचा आवाज असा डोळ्यांनी दिसतो, हे मला माहीत नव्हतं. कोपऱ्यांवर घाव बारीक झालेले, हातांच्या टोकांना अगदी मऊ. जिथे कुणी बघणार नाही त्या पाठीवरही तेवढेच नीट. एकेका क्रुसाचे मी चारही बाजूंनी फोटो काढले. आपला बाप काय करत होता ते साठीला आल्यावर कळावं, याची लाज वाटली.

चौथ्या सकाळी मी मार्थाबाईंच्या क्रुसापाशी गेले. चुना काढला. उजेड आला. 'माथाबाई.' अक्षरं आधीच्या सातही नावांपेक्षा सुंदर होती. खोल, एकसारखी. मी फोटो काढला.

हे नवे फोटो आण्णांनी ओट्यावर मांडायला लावले. कोऱ्या क्रुसांतला एक उचलून त्यांनी डोळ्यापाशी नेला आणि म्हणाले, "ह्यो श्यामुवेल डाकवाला." मला वाटलं, अंदाजाने बोलतायत. त्यांनी क्रुसाच्या डाव्या हातावर नख ठेवलं. तिथे घाव थोडे खरबरीत होते. श्यामुवेलच्या वेळी अवकाळी पाऊस लागला होता, दगड भिजला, ती बाजू नीट घासता आली नाही, हे त्यांना अजून सलत होतं. दुसरा फोटो घेतला. "ह्या दगडात गारगोटीची शीर हाय, वरच्या अंगाला. बघ. शाळेत कामाला व्हती त्या सुंदराबाईची. तिच्या लेकाला म्हनलं, दुसरा दगड घेऊ. त्यो म्हनला, असू द्या, आईला पांढरं आवडायचं." मग फोटो खाली ठेवून म्हणाले, "असं न्हाई जमायचं. मला तिथं न्या. हात लावल्याबिगर समदे न्हाई सांगता यायचे."

भावाने टेम्पोत प्लास्टिकची खुर्ची ठेवली, वहिनीने पाण्याची बाटली आणि श्वासाचा पंप दिला. मनोरमाबाई वही घेऊन आधीच येऊन थांबल्या होत्या. वहीला वाळवी लागलेली, पण नावं शाबूत. आम्ही आण्णांना खुर्चीसकट एकेका क्रुसापाशी नेऊन बसवायचो. ते आधी बोटाच्या पेराने दगडावर ठोकायचे, कान देऊन ऐकायचे. मग दोन्ही हातांनी क्रुसाला चाचपायचे, खांद्यांवरून, पाठीवरून, घरी आलेल्या लेकराला चाचपावं तसे. आणि नाव सांगायचे. कधी नाव आठवायचं नाही, मग माणूस सांगायचे: जो उसाच्या गाडीखाली गेला तो, जिच्या अंगाला चाफ्याचा वास यायचा ती, जे दोघं भाऊ एका महिन्यात गेले त्यातला धाकटा. मनोरमाबाई वहीत बोट फिरवून नाव काढायच्या आणि खूण करायच्या. सुरुवातीला त्या मध्येमध्ये पडताळून बघत होत्या. चौथ्या-पाचव्या क्रुसानंतर त्यांनी नुसतं लिहून घ्यायला सुरुवात केली. एकदा चष्मा काढून पदराने पुसला.

अकरांपैकी दहा लागले. अकराव्यापाशी आण्णा खूप वेळ बसले. ठोकून पाहिला, चाचपला, पुन्हा ठोकला. वहीत एकच नाव उरलं होतं. मनोरमाबाई म्हणाल्या, मग हेच असणार. आण्णांनी मान हलवली. त्यांच्या मते वहीचं पान गळालेलंही असू शकतं. "मला आठवत न्हाई. आठवल्याबिगर नाव घालू नका. चुकीच्या नावापरीस कोरा बरा." तो क्रूस अजून कोरा आहे.

ऊन चढलं तशी आण्णांना धाप लागली. मनोरमाबाई वही माझ्याकडे देऊन चहा करून आणते म्हणून घरी गेल्या, भाऊ टेम्पो सावलीत लावायला गेला. मी आण्णांना चिंचेखाली घेतलं. समोर चार हातांवर मार्थाबाईंचा क्रूस होता. ते तिकडेच बघत होते. दिसत किती होतं देव जाणे.

मी म्हणाले, "आण्णा, मी तेव्हा वाचायला नको होतं."

त्यांना लगेच समजलं. पन्नास वर्षं मध्ये नव्हतीच जणू.

"तू बराबर वाचलं व्हतंस."

"मी वाचलं म्हणून तुम्ही अक्षर सोडलं."

त्यांनी श्वासाचा पंप ओढला. मग जे बोलले ते असं. "चूक माझी न्हवती, इंदे. मास्तरांनी कोळशानं काढून दिलं व्हतं. नाव कोरायच्या आदल्या सांजेला आले, एकलेच. हात थरथरत व्हता. मी म्हनलं, उद्या काडा. न्हाई म्हनले. कोळशाची एक रेघ मी सोडली न्हाई. तू पाटीवर त्यो वरचा विळा दाखवलास न्हवं, तसला विळा कोळशात न्हवताच."

मी विचारलं, मग तुम्ही तिथं चूक तुमची म्हणून का सांगितलं.

"तू वाचलंस तवा मास्तरांचं तोंड बघितलं मी. मला वाचता येत न्हाई, पर तोंड येतं. बायकू गेलेली, आन् वर त्येंच्याच हातनं तिचं नाव चुकलेलं. चारचौघांत. मला काय, मला समदे अडानी म्हनतच व्हते. माझं काय जानार व्हतं?"

अक्षर सोडलं तेही म्हणे माझ्यामुळे नाही. ते त्यांनी फार साध्या शब्दांत सांगितलं. नाव लिहून द्यायला येणारा माणूस रडतच येतो. रडणाऱ्या माणसाचा हात चुकतो. ज्याला वाचता येतं त्याने ती चूक धरायला हवी. आपल्याला ती धरता येत नाही. म्हणून मेलेल्या माणसाचं नाव आपल्या हातून नको. एवढंच.

मास्तर नंतर याबद्दल कधी बोलले का, असं मी विचारलं. "न्हाई. मीबी कवा इचारलं न्हाई. पर तवापासनं रस्त्यात भेटले की आधी नमस्कार तेच घालायचे." त्या काळात, त्या गावात, एका मास्तरांनी पाथरवटाला आधी नमस्कार घालणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

मग ते म्हणाले, "मला वाटलं, तुला बापाची लाज वाटती. म्हनून माझ्यासमोर पेपर झाकतीस."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. चिंचेची वाळकी पानं खुर्चीवर, त्यांच्या टोपीवर पडत होती. त्यांनी माझा हात थोपटला नाही, डोळेही पुसले नाहीत. फक्त म्हणाले, "वाच आता. समदी नावं वाच."

मी उठले आणि कोरलेली आठ नावं वाचली. मग मनोरमाबाईंच्या वहीतून कोऱ्या क्रुसांची दहा वाचली. प्रत्येक क्रुसापाशी उभी राहून, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मार्थाबाईंपाशी आल्यावर मी 'मार्थाबाई' असं वाचलं. चिंचेखाली आण्णांनी मान डोलावली.

घरी परत निघताना त्यांनी एकच गोष्ट माझ्याकडून कबूल करून घेतली. मास्तर नाहीत, तेव्हा त्यांच्या लेकीला यातलं काही सांगायचं नाही. तिच्या बापाबद्दल तिच्या मनात आहे ते राहू दे. मी शब्द दिला. त्याच वर्षी श्रावणात आण्णा गेले. मनोरमाबाई गेल्या नाताळानंतर गेल्या, मागे कुणी नाही. म्हणून आज हे लिहिण्याची मोकळीक मी घेतली आहे, आणि तरीही नावं मी बदलली आहेत.

तो शब्द पाळायची वेळ मात्र लगेच आली. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी प्रार्थना झाल्यावर मनोरमाबाईंनी मला दफनभूमीत बोलावलं. भिंतीचा पाया खणून झाला होता, धाग्याची दोरी ताणलेली होती. चर्चच्या पंचांचं म्हणणं होतं की दहा नावांच्या पाट्या नव्याने कोरून आणायच्याच आहेत, तर मार्थाबाईंचाही नवा क्रूस ग्रॅनाइटचा करावा, बरोबर नावाचा. निर्णय मनोरमाबाईंवर सोडला होता. त्या आईच्या क्रुसासमोर उभ्या होत्या, हातात झावळीचं एक पान.

"इंदू, तू शिकवणारी. तूच सांग, ठेवू की बदलू?" मग त्यांनी ते विचारलं, जे त्यांनी कधीच विचारू नये असं मला वाटत होतं. "आणि एक मला कधी समजलं नाही. बाकीच्या सात नावांत एका कान्याची चूक नाही. नेमकं आईच्याच वेळी आण्णांचं कसं चुकलं?"

सकाळचं ऊन अजून आडवं होतं. प्रत्येक घाव स्पष्ट दिसत होता. माझ्या बापावरचा डाग पुसायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांपर्यंत आलंही होतं. बाकीची सात नावंच सांगत होती की चूक त्या हाताची नाही, आणि हे ओळखणारी बाई माझ्यासमोर उभी होती.

"त्यांना वाचता येत नव्हतं ना," मी म्हणाले. "चुकले."

मनोरमाबाईंनी मान हलवली. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. त्या पुढे झाल्या आणि क्रुसाला हात लावून उभ्या राहिल्या.

"नको बदलायला," त्या म्हणाल्या. "पप्पांनाही बदलू द्यायचा नव्हता. दर रविवारी प्रार्थना झाली की ते इथं यायचे, बोट पाण्यात बुडवायचे आणि इथं, वर, कंगोऱ्यावरच रफार काढायचे. तो वाळायचा. पुन्हा काढायचे. उन्हाळ्यात तर क्षणात वाळायचा. मी सुट्टीत आले की बघत उभी राहायची. एकदा मी त्यांना म्हटलंसुद्धा, पप्पा, पाथरवट चुकला, त्यात तुमचा काय दोष. त्यांनी पुन्हा बोट पाण्यात बुडवलं. शेवटपर्यंत यायचे."

ओढ्यापलीकडे कुणाच्या तरी खळ्यावर मळणीयंत्र सुरू झालं आणि त्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. त्यांनी हातातलं पान क्रुसाच्या पायाशी ठेवलं.

"दुसऱ्याची चूक एवढी अंगाला कोण लावून घेतं गं?"

"घेतात," मी म्हणाले. "काही माणसं घेतात."